खांद्याजवळचा दोर

क्रोसवे
४ नोव्हेंबर १९७४

प्रिय फिन्ले,

तुझा रविवारचा कोट दारामागेच राहिलाय. तू गेलास तेव्हा अंगात मासेमारीची बंडी होती, असं बसवाल्यानं पेगीला सांगितलं आणि पेगीनं मला. शेजारीण असण्याचा एवढा उपयोग आहे. माझा नवरा कोणत्या कपड्यांत मला सोडून गेला ते मला तिच्याकडून कळतं.

रागावून लिहीत नाही. पहिलं वाक्य सुचेना, म्हणून कोटापासून सुरुवात केली.

पत्ता तुझ्या चुलतभावाच्या बायकोनं दिला. डंकन स्वतः फोनवर 'तो इथे नाही' असंच म्हणत राहिला. मग तिनं त्याच्या हातून फोन घेतला. ग्लासगोत एवढी वर्षं राहूनही तिला खोटं बोलता येत नाही, देव तिचं भलं करो.

बटाटे काढून झाले. मी नाही काढले. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर शेतात माणसं वाकलेली. बाहेर जाऊन विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?" कुणी मान वर करीना. शेवटी रूरीचा काका म्हणाला, "जमीन भिजायच्या आत निघालेले बरे, इश्बेल." रूरीचा काका, फिन्ले. ज्या घरातला पोरगा आपल्या बोटीवर गेला आणि परत आला नाही, त्या घरातला माणूस आपले बटाटे पोत्यात भरत होता. मी आत येऊन चहा टाकला. दुसरं काय करणार? पण चहाला कुणी थांबलं नाही. पोती रचली आणि गेले.

दारात रोज काहीतरी असतं. मासे, अंडी, फडक्यात बांधलेले स्कोन. भांडी परत करायला गेले की म्हणतात, "असू दे गं, घाई काय आहे." कधीकधी वाटतं, यांच्यातल्या कुणीतरी एकानं मला दगड मारावा. एकच. मग मला हे स्कोन गिळता येतील.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. तुला खडकावरून उतरवलं तेव्हा तू शुद्धीत नव्हतास, आणि नंतर तू विचारलं नाहीस, कुणी सांगितलं नाही. त्या रविवारी सकाळी गावातली प्रत्येक होडी पाण्यात होती. शब्बाथच्या दिवशी. जे गाव रविवारी विहिरीवरून बादलीभर पाणी आणत नाही, शनिवारीच भरून ठेवतं, त्या गावातली. चर्चची घंटा वाजली नाही. पाळकसाहेब धक्क्यावर घोंगड्या घेऊन उभे होते. पेगी म्हणाली, "रविवारी होड्या बघितल्या आणि मला वाटलं, प्रभूचं दुसरं येणं झालं की काय, न्यायाचा दिवस उगवला, आणि माझे तर केससुद्धा विंचरलेले नाहीत!" म्हणाली आणि लगेच रडायला लागली.

सगळ्यांत पुढच्या होडीत टॉर्किल होते. दर शनिवारी संध्याकाळी घड्याळ हातात धरून धक्क्यावर उभं राहायचं, बाराच्या आत सगळ्या बोटी बांधल्या गेल्यात ना ते पाहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. म्हणून तर सगळं गाव त्यांना पाठीमागे 'टॉर्किल घड्याळ' म्हणतं. ते टॉर्किल शब्बाथच्या दिवशी वल्ही मारत होते आणि 'रूरी, रूरी' अशा मुलाच्या नावानं हाका घालत होते. त्यांना तू सापडलास. त्यांनी स्वतःच्या कोटात तुला गुंडाळलं. तो कोट मी धुऊन परत केला.

काल उपासनेला टॉर्किल नेहमीसारखे व्यासपीठाखाली उभे राहिले, स्तोत्राचं पुस्तक उघडलं. आम्ही वाट पाहत बसलो, की ते एकटे ओळ गाऊन देतील आणि मग आम्ही सगळे ती उचलू. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. मग ते पुस्तक मिटून खाली बसले. नॉर्मननं ओळ दिली. बिचारा फार वरची पट्टी धरतो, बायकांचे गळे पोहोचत नाहीत.

बोट कशी फुटली त्याच्या चौकशीचा सरकारी माणूस पुन्हा येऊन गेला. तू जे सांगितलंस तेच मीही सांगितलं, कोणत्या वाटेनं यायचं हा निर्णय कप्तानाचा, म्हणजे तुझाच, होता. त्यानं लिहून घेतलं. जास्त काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

कोटाचं कळव.

इश्बेल


क्रोसवे
२८ डिसेंबर १९७४

प्रिय फिन्ले,

तुझं कार्ड मिळालं. 'कोट नको. मी बरा आहे.' पुढच्या बाजूला नदीवरचा पूल. पेगीनं पोस्टातच ते वाचलं होतं. मला देताना म्हणाली, "त्याला सांग, शब्दागणिक पैसे तारेला पडतात, कार्डाला नाही."

किर्स्टी आली होती. तुला आठवत असेल, तू जायच्या आधी टॉर्किलच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना चालू होती. दफन करायला देह नव्हता, तरी गाव रीतीप्रमाणे आपापल्या खुर्च्या उचलून तिथे जात होतं. मी पहिल्या संध्याकाळी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तर किर्स्टी स्वतः आली, रूरीची आई, आणि म्हणाली, "तुमच्या दोघांच्या खुर्च्या मी मांडून ठेवल्यात. रिकाम्या दिसतात, बरं वाटत नाही." मी गेले. तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. तुझी खुर्ची शेवटपर्यंत तशीच रिकामी होती. तिच्यावर कुणालाही बसू दिलं नाही तिनं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

परवा आली ती लोकरीचे पायमोजे घेऊन. "रूरीसाठी घातले होते सुयांवर. एक झाला होता, दुसरा अर्धा. अर्धा सोडून देववेना. फिन्लेच्या मापाचे होतील." मी म्हटलं, "किर्स्टी, हे मी कसे घेऊ?" ती म्हणाली, "हातात घे. असे." आणि माझ्या हातावर ठेवले.

या पुडक्यात आहेत. घाल, नको असतील तर घालू नकोस. पण परत पाठवू नकोस.

नवीन वर्षाच्या तयारीला माझं मन नाही. पेगीनं तिच्या सणाच्या पुडिंगमधलं अर्धं मला आधीच सांगून ठेवलंय. "मनुका कमी आहेत, तोंड वाकडं करू नकोस," अशी ताकीदही दिली आहे.

बुधवारी टॉर्किल आले होते. आपला मेंढा त्यांच्या कळपात गेलाय, तो राहू द्यायचा की आणून सोडायचा ते विचारायला. चहा घेतला. वाऱ्यापावसाचं बोलले. गेले.

एवढंच.

तुझी,
इश्बेल


क्रोसवे
१९ फेब्रुवारी १९७५

फिन्ले,

आज मी 'प्रिय' लिहिणार नाही. राहिलंय असं समज.

मोजे परत आले नाहीत म्हणून मी जानेवारीभर आनंदात होते. मग डंकनच्या बायकोचं पत्र आलं. तू ते उशाखाली ठेवून झोपतोस, घालत नाहीस. रविवारी खोलीचं दार लावून बसतोस. गोदीत कुणाशी बोलत नाहीस. तिनं लिहिलंय, 'वहिनी, त्याला कुणी छळत असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते. पण त्याला छळतंय कोण तेच कळत नाही.'

मला कळतं. सांगू?

नवीन वर्षाच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, आपला एक भाऊ प्रभूच्या दिवसाचा मान राखण्यासाठी जिवावर उदार होऊन धोक्याच्या वाटेनं आला, आणि त्यात आपला एक तरुण प्रभूकडे गेला. दोघांसाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेर पडल्यावर एकेकीनं माझा हात हातात घेतला. फिन्ले, इथे तुला कुणी दोष देत नाही. त्यांनी तुला माफ केलंय, आणि माफ करण्यासाठी तुला भक्त करून टाकलंय. तू पळालास तो त्यांच्या रागामुळे नाही. राग तुला पेलला असता.

जायच्या आदल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून तू मला सांगितलंस ते मी आजवर कागदावर उतरवलं नव्हतं. आता उतरवते, कारण ते माझ्या एकटीच्या पोटात मावत नाही.

त्या शनिवारी इंजिन कुरकुरत होतं, तुम्हाला उशीर झाला होता. बाहेरून वळसा घालून आला असता तर बारा वाजून गेले असते. आदल्या वर्षी असंच इंजिन बंद पडून रविवारी सकाळी धक्क्याला लागलात, तेव्हा टॉर्किलनी मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत उभं राहून तुझं नाव घेतलं होतं आणि त्या वर्षी तुला प्रभुभोजनाला बसू दिलं नव्हतं. तू भिंतीला टेकून दुसऱ्यांना भाकर घेताना पाहत होतास. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, तुला लाज वाटू नये म्हणून. ते सगळं तुझ्या डोक्यात होतंच. पण बोलला रूरी. म्हणाला, "सुईच्या नाकातून घाला ना, फिन्ले. बाबा घड्याळ घेऊन उभे असतील. तुमचं काय, घरी जाऊन मलाच ऐकावं लागतं!" हसत म्हणाला. तूही हसलास. आणि दोन खडकांमधल्या त्या फटीकडे सुकाणू वळवलंस.

मग तू खडकावर होतास आणि तो पाण्यात. तू दोर टाकलास. तो पोहोचला नाही. ओढून पुन्हा टाकलास तेव्हा टाकायला समोर कुणी नव्हतं.

"देवासाठी नव्हती घाई, इश्बेल," तू म्हणालास. "देवाची भीती वाटली असती तर एक वेळ बरं होतं. आम्हाला टॉर्किलची भीती वाटली."

हे तू त्या बापाला सांगू शकत नाहीस, आणि न सांगता त्याच्या शेजारी बाकावर बसूही शकत नाहीस. म्हणून तू ग्लासगोत आहेस. बरोबर ना?

आता माझं ऐक. डिसेंबरात टॉर्किल मेंढ्याचं विचारायला आले असं मी लिहिलं. मेंढ्याचं विचारलं, ते खरं आहे. मग कप खाली ठेवून म्हणाले, "इश्बेल, एक विचारतो. तो माझ्यामुळे वळला का गं?"

मी म्हटलं, "नाही. वाऱ्यामुळे. बाहेरून येता आलं नसतं."

"वारा उत्तरेचा होता," एवढंच म्हणाले. टोपी घेतली आणि उठले.

उत्तरेच्या वाऱ्यात बाहेरूनच यायचं असतं, हे इथली शाळकरी पोरंसुद्धा सांगतील. मासेमाऱ्याची बायको असून मी असं खोटं बोलले, जे त्यांना कधी पटणारच नव्हतं. म्हणजे त्यांना उत्तर मिळालं आणि मी मात्र खोटी ठरले. तेव्हापासून ते आले नाहीत. चर्चमध्ये वडीलजनांच्या बाकावर बसतात, पुस्तक उघडून ठेवतात, ओळ देत नाहीत. किर्स्टी सांगते की रात्री गोठ्यात जाऊन उभे राहतात.

मला वाटलं होतं, खोटं बोलून मी त्यांच्यावर दया करतेय. पण दया अशी नसते. त्यांच्याजवळ आता नुसता संशय आहे, आणि त्याला धरायला कुठे कडी नाही.

तू ये आणि तूच सांग. तू आला नाहीस तर एक दिवस मी सांगेन. तुझ्या पाठीमागे सांगणार नाही, म्हणून आधी लिहिते आहे.

इश्बेल


क्रोसवे
२१ एप्रिल १९७५

प्रिय फिन्ले,

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते आणि हे पत्र बसवाल्याच्या हाती देते. तो म्हणालाय, स्टोर्नोवे बंदरात आजच्या बोटीवर स्वतः चढवीन.

रूरी सापडला. पलीकडच्या वाळूवर, गुरुवारी. बुटांवरून ओळखला. उजव्या बुटाच्या टाचेला टॉर्किलनी स्वतः ठिगळ मारलं होतं, पांढऱ्या दोऱ्यानं, काळा संपला होता म्हणून. किर्स्टीनं तेव्हा त्यांना बोल लावला होता. आता म्हणते, देवानंच काळा दोरा संपवला.

दफन शुक्रवारी.

आता नीट वाच. शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. माझी खुर्ची उचलून निघाले होते, सगळे निघाले होते तशीच, पण मी लवकर गेले. टॉर्किल एकटेच बाहेर बाकावर होते. मी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे."

"खरं सांगू का?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी सांगितलं. रूरी काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत. 'मलाच ऐकावं लागतं' हेसुद्धा. हसत म्हणाला हेसुद्धा. तू हसलास ते. दोर टाकलास आणि पोहोचला नाही ते. मला वाटत होतं की मी त्या माणसाला मारते आहे. तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर अर्धवट मारलं असतं.

सांगून झालं. टॉर्किलनी खिशातून घड्याळ काढलं आणि त्याला चावी दिली. सवयीनं. रोज त्या वेळी देतात. परत खिशात ठेवलं.

मग म्हणाले, "हसत म्हणाला?"

"हो."

"तसाच बोलायचा तो. माझ्या तोंडावर नाही. आईजवळ. मी ऐकायचो. मला आवडायचं."

लोक यायला लागले होते. पेगी खुर्ची डोक्यावर घेऊन येत होती, पाऊस सुरू झाला म्हणून. टॉर्किल उठले. दारात वळून म्हणाले, "फिन्लेला लिही. खांद्याजवळचा दोर त्याचा."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "कुठला दोर?"

"कुठला म्हणजे? पेटीचा. डोक्याशी मी. पायाशी माझा भाऊ. उजव्या खांद्याशी फिन्ले."

तुला मी काय सांगावं? कबरीत पेटी उतरवताना कुणाच्या हाती कोणता दोर, हे घरचे ठरवतात, आणि डोक्याच्या खालोखाल खांद्याचा मान. तो मुलाला देतात. भावाला देतात. नॉर्मन म्हणाला, "पण टॉर्किल, खांदा म्हणजे..." तेव्हा टॉर्किल म्हणाले, "मला माहीत आहे खांदा म्हणजे काय."

फिन्ले, हे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून दिलेल्या माफीसारखं नाही. सगळं ऐकल्यावर दिलंय.

किर्स्टीला त्यांनी त्याच रात्री सांगितलं. सकाळी ती माझ्याकडे आली, चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बारा वाजेपर्यंत मीही खिडकीत उभी असायचे, इश्बेल. त्यांच्या घड्याळावर माझाही डोळा असायचा." मग माझ्या चुलीतली राख उपसली आणि गेली.

आपण बायका कबरीपर्यंत जात नाही, तुला माहीत आहे. पुरुष पेटी उचलतील, दोन रांगांत एकमेकांना खांदा देत जातील, आणि आम्ही रस्ता वळतो तिथे थांबू. मला तू दिसशील तो पाठमोरा. चालेल मला. तुझा कोट मी बाहेर काढून वाऱ्यावर टाकलाय. सरळ आलास तर स्टोर्नोवेच्या धक्क्यावर बसवाल्याकडे ठेवते, म्हणजे बदलून येता येईल.

ये. मी आजवर असं लिहिलं नव्हतं. ये.

तुझी,
इश्बेल


क्रोसवे
२८ एप्रिल १९७५

प्रिय फिन्ले,

बसवाला कोट परत घेऊन आला. काही बोलला नाही, नुसता माझ्या हातावर ठेवला. भला माणूस. एरवी त्याचं तोंड बंद नसतं.

शुक्रवारी ऊन होतं. आम्ही वळणावर उभ्या होतो. किर्स्टी माझा दंड धरून होती, की मी तिचा, आठवत नाही. पेगीनं हळूच विचारलं, "आला का गं?" मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "मुडदा कुठला!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, कारण पेटी तेवढ्यात समोरून चालली होती. आणि फिन्ले, किर्स्टी हसली. पोराच्या पेटीसमोर. मला वाटतं, तेवढ्यावरच ती उभी राहू शकली.

पुढचं मला नॉर्मननं सांगितलं. कबरीपाशी ज्याचं नाव घेतील तो पुढे होऊन दोर घेतो. नावं घ्यायची होती रूरीच्या काकानं. डोकं, टॉर्किल. मग खांदा. त्यानं टॉर्किलकडे पाहिलं. टॉर्किल म्हणाले, "नाव घे." त्यानं तुझं नाव घेतलं. मोठ्यानं. कबरस्तानाच्या वाळूवर एवढी माणसं उभी होती आणि कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही. वाट पाहिली. नॉर्मन म्हणतो, चर्चमध्ये ओळीची वाट पाहावी तशी.

मग नॉर्मन पुढे झाला, तुझ्या जागी. वाईट मनानं नाही, कुणीतरी धरायलाच हवा होता. टॉर्किलनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे केलं, वाकले आणि तुझा दोर उचलला. डोक्याचा उजव्या हातात, तुझा डाव्या. या वयात.

पेटी एका बाजूनं कलली. वाकडी उतरली. सगळ्यांनी आपापला दोर पेटीवर सोडला. टॉर्किलनी त्यांचा सोडला, तुझा सोडला नाही. पेटीच्या कडीतून ओढून मोकळा केला आणि खिशात घातला.

संध्याकाळी माझ्याकडे आले आणि टेबलावर ठेवला. काळा दोर, टोकाला गोंडा, वाळू लागलेला. मी रडले. म्हटलं, "मला कळायला हवं होतं. दोर म्हटल्यावर तो येणार नाही. त्याच्या हातात पुन्हा दोर, आणि टोकाला रूरी..."

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"मग का बोलावलंत?"

"जड जाईल हे माहीत होतं. पण न बोलावणं बरोबर नव्हतं. बोलावणं माझं काम. येणं त्याचं." मग म्हणाले, "लिही त्याला, पेटी वाकडी गेली म्हणून. रूरी असता तर म्हणाला असता, बाबांना एक काम धड येत नाही."

काल उपासनेत ते उभे राहिले. पुस्तक उघडलं नाही. ओळ दिली, आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज फुटला. आणि काय झालं सांगू? आम्ही थांबलो नाही. ओळ पुरी होईपर्यंत थांबायचं, हे आपल्याला दुधाबरोबर शिकवलेलं. पण कुठून तरी मागून एका बाईनं उचलली, आणि मग सगळ्यांनी, त्यांच्या तोंडातून अर्धी ओळ काढून घेतली आणि गायलो. पट्टी चुकली. कुणी कुठे, कुणी कुठे. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. ती बाई कोण ते गाव अजून विचारतंय. पेगी म्हणते, "माझ्याकडे का बघताय? माझा आवाज इतका चांगला आहे का?"

तुझ्यावर माझा राग आहे. तो जाईल की राहील ते आज सांगता येत नाही. चूल पेटलेली असते, खुर्ची जागेवर आहे, याच्यापलीकडे मी वचन देत नाही.

दोर तुझ्या बंडीच्या रिकाम्या खुंटीला लावलाय. वाळू झटकली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी धक्क्यावरून आले. टॉर्किल तिथे होते, नेहमीच्या जागी. बोटी एकेक करून येत होत्या. मी वेळ विचारली. त्यांनी खिशाकडे हात नेला आणि खाली घेतला. घड्याळ घरी ठेवून आले होते.

"मग इथे काय करताय?" मी विचारलं.

"दोर झेलतोय," म्हणाले. आणि खरंच, नॉर्मनच्या बोटीवरून दोर आला तो त्यांनीच झेलून खुंटाला बांधला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फिन्लेला लिही. कशानंही ये, कधीही ये. रविवारी लागलास तरी तुझा दोर मी झेलीन."

रविवारी स्टोर्नोवेची बोट सुटत नाही, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण तुला यायला आता आठवड्याचे सातही दिवस मोकळे आहेत.

तुझी,
इश्बेल